रिसर्च पार्क भरलं, पण वर्गाचं काय?

विद्यापीठात कंपन्या येतायत, स्टार्टअप उभे राहतायत, तरी शिकवायला माणसं कमी. असं कसं? अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या जमाखर्चात याचं उत्तर सापडतं.

आधी तीन आकडे वाचा. तिन्ही एकाच शहरातले आणि एकाच वर्षातले. शहर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन, वर्ष २०१५.

पहिला आकडा ३० कोटी ७० लाख डॉलरचा. जपानच्या फुजीफिल्मने (हो, तीच कॅमेऱ्याच्या रोलवाली) त्या वर्षी सेल्युलर डायनॅमिक्स नावाची कंपनी एवढ्याला विकत घेतली. ही कंपनी सुरू करणाऱ्यांत युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन-मॅडिसनचे प्राध्यापक होते आणि तिचं ठिकाण होतं विद्यापीठाचंच रिसर्च पार्क.

दुसरा आकडा २३ कोटी ४० लाख डॉलरचा. आमच्या विद्यापीठात लागलेल्या शोधाचं पेटंट अ‍ॅपलने परवानगी न घेता आयफोनच्या चिपमध्ये वापरलं, असा दावा विद्यापीठाच्या पेटंट संस्थेने कोर्टात केला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये ज्युरीने तो मान्य केला आणि एवढी भरपाई ठरवली.

तिसरा आकडा २५ कोटी डॉलरचा. पण तो उणे आहे. राज्य सरकारने आपल्या सरकारी विद्यापीठांच्या अनुदानात दोन वर्षांसाठी केलेली ही कपात.

आता तुमच्या डोक्यात जो प्रश्न आलाय तो अगदी बरोबर आहे. वरच्या दोन आकड्यांत तिसरा खड्डा आरामात बुजला असता की! मग त्याच वर्षी मॅडिसनमध्ये शेकडो पदं कमी करायची वेळ का आली?

याचं उत्तर समजून घेणं आपल्यालाही गरजेचं आहे. कारण 'सरकारवर किती दिवस अवलंबून राहणार, विद्यापीठांनी आपलं आपण कमवावं' हे वाक्य आपल्याकडेही आता भाषणांतून सर्रास ऐकू येतं. मॅडिसनने ते शंभर वर्षांपूर्वीच करायला घेतलं होतं. त्यामुळे या वाक्यात किती दम आहे हे बघायला याहून चांगलं उदाहरण नाही.

शंभर वर्षांची कमाई

१९२३ च्या सुमारास मॅडिसनमधल्या हॅरी स्टीनबॉक या प्राध्यापकांना कळलं की खाद्यपदार्थांवर अतिनील किरण सोडले की त्यांतलं ड जीवनसत्त्व वाढतं. तेव्हा लहान मुलांमध्ये मुडदूस हा हाडं वाकवणारा आजार सगळीकडे होता. म्हणजे हा शोध सोन्याची खाण होता. एका मोठ्या ओट्स कंपनीने हक्कांसाठी भली मोठी रक्कम देऊ केली. स्टीनबॉक यांनी ती नाकारली. स्वतःच्या खिशातले ३०० डॉलर घालून पेटंटचा अर्ज केला आणि म्हणाले, यातून येणारा पैसा पुन्हा विद्यापीठातल्या संशोधनासाठीच जायला हवा.

त्यासाठी १९२५ मध्ये एक वेगळी संस्था काढली गेली, विस्कॉन्सिन अ‍ॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन. सगळे तिला 'वॉर्फ' म्हणतात. नऊ माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १०० डॉलर दिले, म्हणजे ९०० डॉलरचं भांडवल. काम सोपं होतं. प्राध्यापकांच्या शोधांची पेटंट घ्यायची, कंपन्यांना ती वापरायला द्यायची, मिळालेल्या रॉयल्टीतला वाटा संशोधकाला द्यायचा, उरलेला पैसा गुंतवायचा आणि त्यातून विद्यापीठाला दरवर्षी संशोधनासाठी निधी द्यायचा. आज जगभरातल्या विद्यापीठांत जे 'टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिस' दिसतं, त्याचं हे मूळ रूप.

वॉर्फचं नाव तुमच्या घरातही येऊन गेलेलं असू शकतं. हृदयाची झडप बदललेल्या पेशंटना रक्त पातळ ठेवायला देतात त्या गोळ्यांपैकी एक म्हणजे वॉर्फरीन. या नावातलं 'वॉर्फ' म्हणजे हीच संस्था.

त्या गोळीची गोष्ट भारी आहे. फेब्रुवारी १९३३, बाहेर बर्फाचं वादळ. तीनेकशे किलोमीटरवरून एक शेतकरी मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि सोबत बुरशी लागलेला चारा. जनावरं रक्तस्राव होऊन मरतायत, काहीतरी करा, एवढंच त्याचं म्हणणं. तो येऊन पोचला कार्ल लिंक या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत. तो चारा खायला घालू नका, यापलीकडे त्या दिवशी त्याला सांगण्यासारखं लिंक यांच्याकडे फार काही नव्हतं. पण त्यांची टीम मागे लागली. त्या चाऱ्यातला रक्त गोठू न देणारा पदार्थ वेगळा काढायला सहा वर्षं गेली. त्यावरून बनवलेलं वॉर्फरीन १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायचं औषध म्हणून! माणसांसाठी त्याला परवानगी मिळाली १९५४ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिलं गेलं.

१९३३ ते १९५४. एकवीस वर्षं. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेत होतं, पार्क झालं

१९८० मध्ये अमेरिकेत बाय-डोल कायदा आला. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचं पेटंट विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येईल, असं त्याने ठरवलं. त्यानंतर शोधांमधून कंपन्या काढायची लाटच आली. मॅडिसनने १९८४ मध्ये शहराच्या पश्चिमेला, विद्यापीठाच्या प्रयोगशेतीच्या जमिनीवर युनिव्हर्सिटी रिसर्च पार्क सुरू केलं.

रिसर्च पार्क म्हणजे नेमकं काय? विद्यापीठाची जागा, तीवर ऑफिसं आणि प्रयोगशाळा, भाड्याने राहणाऱ्या कंपन्या. नव्या स्टार्टअपला स्वतःची प्रयोगशाळा उभारणं परवडत नाही, म्हणून छोट्या जागा आणि सामायिक सोयी. कंपनीला हुशार पोरं जवळच मिळतात, पोरांना इंटर्नशिप मिळते आणि प्राध्यापकाला कंपनी काढायची तर शहर सोडून जावं लागत नाही.

आणि हे मॅडिसनमध्ये खरंच घडलं. कॅन्सरच्या गाठीवर नेमका किरणोपचार करणारं टोमोथेरपी मशीन विद्यापीठातल्या संशोधनातून आलं. त्याची कंपनी १९९७ मध्ये निघाली, २००७ मध्ये शेअर बाजारात गेली आणि २०११ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली. आतड्याच्या कॅन्सरची घरबसल्या तपासणी आणणारी एक्झॅक्ट सायन्सेस २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्स सोडून मॅडिसनला आली, तेव्हा ती अगदीच छोटी होती. तिने या पार्कमध्येच बस्तान बसवलं.

सुरुवातीच्या सेल्युलर डायनॅमिक्सची गोष्ट तर या व्यवस्थेची सगळ्यात चांगली बाजू दाखवते. १९९८ मध्ये मॅडिसनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी पहिल्यांदा वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवल्या. जगभर गाजलेला शोध. पण ज्या संशोधनात मानवी भ्रूण नष्ट होतो त्याला केंद्र सरकारचा पैसा वापरायची अमेरिकेत कायद्याने बंदी होती. तेव्हा वॉर्फ आणि एका खासगी कंपनीच्या पैशावर हे काम झालं. म्हणजे विद्यापीठाकडे सरकारबाहेरचा पैसा असणं ही वाईट गोष्ट मुळीच नाही. कधीकधी तोच कामाला येतो.

मग गडबड कुठे झाली?

कात्री लागली

फेब्रुवारी २०१५. राज्याचे गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यांसारखं निवडून आलेलं पद) होते स्कॉट वॉकर. त्यांनी बजेट मांडलं आणि सरकारी विद्यापीठांच्या अनुदानात दोन वर्षांत ३० कोटी डॉलरची कपात सुचवली. बजेटच्या काही दिवस आधी ते म्हणाले होते की प्राध्यापकांनी जास्त तास घ्यावेत, जास्त काम करावं. विधिमंडळात खेचाखेची होऊन कपात २५ कोटींवर आली.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. २०१३ मध्ये उघड झालं होतं की विद्यापीठांच्या खात्यांत मिळून जवळपास ६४ कोटी ८० लाख डॉलर शिल्लक पडून आहेत. आणि दरम्यानच्या वर्षांत विद्यार्थ्यांची फी मात्र वाढत गेली होती. लोक चिडले. त्याच वर्षी राज्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांची फी गोठवली गेली आणि ती पुढे तब्बल दहा वर्षं तशीच राहिली. विद्यार्थ्यांच्या खिशाला हा मोठाच दिलासा. पण फी वाढवायची नाही आणि अनुदानही कमी, म्हणजे विद्यापीठाच्या दोन्ही मुख्य नळांना एकदम चावी.

याच बजेटच्या मसुद्यात आणखी एक गोष्ट लपली होती. विस्कॉन्सिनच्या कायद्यात लिहिलंय की विद्यापीठाच्या मुळाशी सत्याचा शोध आहे आणि विद्यापीठाचं काम कॅम्पसच्या सीमेबाहेर, राज्यातल्या लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. या विचाराला तिथे 'विस्कॉन्सिन आयडिया' म्हणतात आणि त्याचा लोकांना जाम अभिमान आहे. मसुद्यात हे शब्द खोडून त्या जागी राज्याला लागणारं मनुष्यबळ पुरवणं असा उद्देश घातला होता. बोंबाबोंब झाल्यावर गव्हर्नरांनी माघार घेतली, मसुदा लिहिताना चूक झाली म्हणाले. पुढे वर्षभराने बाहेर आलेल्या ईमेलवरून दिसलं की असे बदल करायची सूचना त्यांच्या प्रशासनातूनच गेली होती.

मॅडिसनच्या चॅन्सलर, म्हणजे आपल्या कुलगुरूंसारख्या प्रमुख, होत्या रिबेका ब्लँक. स्वतः अर्थतज्ज्ञ. एप्रिल २०१५ मध्ये त्यांनी जवळपास ४०० पदं कमी होतील असं जाहीर केलं. त्यांतली बरीचशी रिकामी ठेवायची होती. ऐकायला हे सौम्य वाटतं. पण रिकामं पद म्हणजे कमी झालेला विषय, वाढलेली तुकडी, उशिरा लागलेला निकाल. हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

त्यात प्राध्यापकांच्या कायम नोकरीचं संरक्षण राज्याच्या कायद्यातून काढलं गेलं. लगेच इतर विद्यापीठांनी मॅडिसनच्या चांगल्या प्राध्यापकांना बोलावणी धाडली. त्यांना थांबवण्यासाठी विद्यापीठाला एका वर्षात २ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम पगारवाढ आणि संशोधन निधी म्हणून मोजावी लागली. म्हणजे एका हाताने बचत, दुसऱ्या हाताने जुनीच माणसं टिकवायचा खर्च.

संशोधनावरच्या खर्चात मॅडिसन १९७२ पासून देशातल्या पहिल्या पाच विद्यापीठांत असायचं. २०१५ च्या आकडेवारीत ते पहिल्यांदा सहाव्या क्रमांकावर गेलं. या एकाच कपातीमुळे असं झालं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण घसरण दिसायला लागली होती.

पाकिटं वेगळी असतात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पार्कमधली कंपनी ३० कोटींना विकली गेली, मग तो पैसा का नाही वापरला?

आपल्या घरात महिन्याचे पैसे कसे ठेवतात आठवा. दूधवाल्याचं पाकीट वेगळं, फीचं वेगळं, सणाचं वेगळं. एकातलं दुसऱ्यात घालायचं नाही. विद्यापीठाचंही तसंच असतं. फक्त इथे पाकिटांवर कायद्याचं सील असतं.

पहिल्या पाकिटात राज्याचं अनुदान आणि फी. यातून वर्गात शिकवणाऱ्यांचे पगार, लायब्ररी, वीज, ऑफिसातला स्टाफ. दुसऱ्या पाकिटात केंद्र सरकारचा संशोधन निधी. कॅन्सरवरच्या प्रकल्पाला मिळालेला पैसा इतिहासाच्या प्राध्यापकाच्या पगारासाठी वापरता येत नाही. तिसऱ्या पाकिटात देणग्या, पेटंटची रॉयल्टी, वॉर्फचा निधी. यातला बहुतेक पैसा देतानाच कशासाठी ते ठरलेलं असतं.

रिसर्च पार्क यात कुठेच थेट बसत नाही. पार्कची कमाई मुख्यतः भाड्याची. कंपनी विकली जाते तेव्हा पैसा जातो तिच्या भागधारकांना. संशोधक आणि वॉर्फ यांना करारानुसार वाटा मिळू शकतो. पण बीए पहिल्या वर्षाच्या वर्गात फॅन लावायला त्यातला डॉलर येत नाही.

आणि रकमाही बघा. वॉर्फ ही जगातल्या सगळ्यात यशस्वी विद्यापीठ पेटंट संस्थांपैकी एक. अलीकडच्या वर्षांत ती विद्यापीठाला दरवर्षी १० कोटी डॉलरहून जास्त देते. केवढी मोठी रक्कम! पण मॅडिसनचं वर्षाचं बजेट ४०० कोटी डॉलरच्या पुढे आहे. शंभर वर्षं नेटाने केलेल्या कमाईची ही मजल. काल उद्घाटन झालेल्या इन्क्युबेशन सेंटरकडून मग आपण काय अपेक्षा करायची?

आलेला पैसा, न आलेला पैसा

अ‍ॅपलच्या खटल्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ते पेटंट होतं प्रोसेसरचा वेग वाढवणाऱ्या एका युक्तीचं, १९९८ मधलं. शोधकर्त्यांमध्ये होते प्रा. गुरिंदर सोही, आपल्याच पिलानीच्या बिट्समधून शिकून गेलेले, आणि त्यांच्यासोबतचे तरुण संशोधक. २०१५ मध्ये ज्युरीने २३ कोटी ४० लाख डॉलर ठरवले. २०१७ मध्ये कोर्टाने ती रक्कम वाढवून ५० कोटींच्या वर नेली. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने निकालच फिरवला. अ‍ॅपलने पेटंटचा भंग केल्याचं पुरेशा पुराव्याने सिद्ध झालं नाही, असं म्हटलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वॉर्फचं अपील ऐकायला नकार दिला. ती भरपाई शून्यावर आली.

दुसरं उदाहरण त्याच २०१८ चं. आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीने मॅडिसनच्या इंजिनिअरिंग आणि नवोपक्रमासाठी १० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. फोटो झाले, बातम्या झाल्या. पुढच्या काही वर्षांत प्रत्यक्ष हातात पडले सुमारे ७ लाख डॉलर. शंभरात एक रुपयासुद्धा नाही.

कंपनीचा नफा, कोर्टाचा निकाल, शेअर बाजार यांच्या भरवशावर येणारा पैसा असाच असतो. आला तर छप्पर फाडके, नाही तर ठणठण गोपाळ. प्राध्यापकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो.

पार्क नसलेल्या गावाचं काय?

मॅडिसन तरी श्रीमंत कॅम्पस. त्याच राज्यात, त्याच सरकारी विद्यापीठ व्यवस्थेत स्टीव्हन्स पॉइंट नावाचं एक छोटं कॅम्पस आहे. तिथे वॉर्फ नाही, मूलपेशी नाहीत, आयफोनची चिप नाही. विद्यार्थीसंख्याही घटत होती आणि तूट वाढत होती. मार्च २०१८ मध्ये तिथल्या प्रशासनाने १३ विषयांतली पदवी बंद करायचा प्रस्ताव आणला. त्यात इंग्रजी होतं, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश होतं. त्याच वेळी नोकरी देतील अशा विषयांचा विस्तार करायचा होता.

विद्यार्थी मुख्य इमारतीत ठिय्या देऊन बसले. नोव्हेंबरपर्यंत यादी १३ वरून ६ वर आली. एप्रिल २०१९ मध्ये प्रशासनाने जाहीर केलं की कुठलाच विषय बंद होणार नाही. विद्यार्थी जिंकले? अर्धे. कारण तोपर्यंत बरेच प्राध्यापक निवृत्ती घेऊन किंवा नोकरी सोडून गेले होते आणि त्यामुळेच खर्च कमी झाला होता. विषय राहिले, शिकवणारे कमी झाले.

हीच गोष्ट 'आपलं आपण कमवा' म्हणणारे सांगत नाहीत. पेटंट आणि पार्क यांचा पैसा जिथे आधीच मोठ्या प्रयोगशाळा आहेत तिथेच जातो. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजला, भाषा शिकणाऱ्या मुलीला, इतिहास शिकणाऱ्या मुलाला तो सापडत नाही.

आणि आता ती एकवीस वर्षं आठवा. वादळात आलेल्या त्या शेतकऱ्याला दारात प्रयोगशाळा उघडी सापडली, कारण तिथे पगारी प्राध्यापक होता, विद्यार्थी होते, आणि सडक्या चाऱ्यावर सहा वर्षं घालवायला त्यांना कुणी 'बिझनेस मॉडेल काय?' असं विचारलं नाही. हरगोविंद खोराना १९६० ते १९७० याच मॅडिसनमध्ये होते आणि जनुकीय संकेत उलगडण्यासाठी त्यांना १९६८ चं नोबेल मिळालं ते इथेच असताना. त्या कामाचा कुठल्या स्टार्टअपला उपयोग होईल हे तेव्हा कोण सांगू शकलं असतं? पार्क हे फळ आहे. झाडाचं पाणी तोडून फळं जास्त येत नाहीत.

मॅडिसनला हे पुन्हा अनुभवावं लागतंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने वैद्यकीय संशोधनाच्या निधीत प्रयोगशाळेची वीज, इमारत, ऑफिस यांसाठी मिळणारी रक्कम १५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. कोर्टाने ते अडवलं, पण अनिश्चितता आली ती आलीच. त्याच वर्षी जूनमध्ये मॅडिसनने शैक्षणिक विभागांच्या खर्चात ५ टक्के आणि प्रशासकीय विभागांच्या खर्चात ७ टक्के कपात जाहीर केली. शंभर वर्षांची वॉर्फ आणि चाळीस वर्षांचं पार्क सोबत असताना.

आपण काय विचारायचं?

आपल्याकडचं चित्र तुम्ही रोज बघताच. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम आणि इन्क्युबेशनसाठी स्वतंत्र मंडळ आणलं. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं रिसर्च पार्क फाउंडेशन आहे. आयआयटी मुंबईचं 'साइन' २००४ पासून आहे आणि तिथून निघालेली ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज २०२३ मध्ये शेअर बाजारात पोचली. हे सगळं हवंच आहे. तुमच्या डोक्यात एखादी आयडिया असेल तर या सेंटरचं दार नक्की वाजवा.

पण त्याच आपल्या राज्य विद्यापीठांत आणि कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या असतात आणि तासिका तत्त्वावरचे सर-मॅडम मिळेल त्या मानधनावर वर्ग ओढत असतात. म्हणून पुढच्या वेळी इन्क्युबेशन सेंटरची चकचकीत पुस्तिका हातात आली, किंवा परदेशात एमएससाठी कॉलेज निवडायला बसलात, की हे चार प्रश्न विचाराच.

एक, विभागात मंजूर पदं किती आणि भरलेली किती? परदेशात जाणार असाल तर असं विचारा की तुमची असिस्टंटशिप कुठल्या पैशातून येते आणि ती किती वर्षांची खात्री देते? केंद्राच्या निधीवर असेल तर कपातीत पहिली तीच जाऊ शकते.

दोन, पार्क किंवा इन्क्युबेशन सेंटरचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे? विद्यापीठाला त्यातून मिळतं काय? की उलट विद्यापीठच त्यात घालतंय?

तीन, तुमच्या प्रोजेक्टची मालकी कुणाची? मॅडिसनमध्ये पेटंट वॉर्फकडे गेलं की परवान्याच्या उत्पन्नातला २० टक्के वाटा संशोधकाला मिळतो, हे लेखी ठरलेलं आहे. तुमच्या कॉलेजचं याबाबतचं धोरण कागदावर आहे का? असेल तर सही करण्याआधी वाचा. आणि हो, भारतात २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. कॉलेजला हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

चार, ज्या विषयातून कंपनी निघत नाही, त्या विषयाला गेल्या पाच वर्षांत काय मिळालं? नवी पुस्तकं, नवे शिक्षक, एखादी फेलोशिप? या एका उत्तरावरून विद्यापीठाचा प्राधान्यक्रम कळतो.

हे प्रश्न विचारायचे कुठे, असं म्हणाल. जागा आहे. आपल्या विद्यापीठाचं बजेट दरवर्षी अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये मांडलं जातं. त्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० सदस्य असतात. पदवी हातात आली की आपल्यातले बहुतेक जण ही नोंदणी करायला विसरतात आणि मग पाच वर्षं कुणीतरी दुसरंच आपल्या वतीने बोलत राहतं.

नोंदणीचा फॉर्म एका पानाचा कंटाळवाणा कागद आहे, मान्य. पण स्टीव्हन्स पॉइंटच्या पोरांना ठिय्या द्यावा लागला तो निर्णय जवळपास झाल्यावर. तुमच्याकडे त्याच्या आधी बोलायची सोय आहे. भरा तो फॉर्म.